फुगा शेवटच्या दिवशी नको

बाई, नमस्कार. येत्या मेच्या सुट्टीत आम्ही तुर्कस्तानला निघालोय. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, म्हणून तिथल्या कॅपाडोकिया भागातली गरम हवेच्या फुग्याची सफर त्यांना भेट द्यायची आहे. इस्तंबूल चार दिवस, अंताल्या दोन आणि शेवटची रात्र कॅपाडोकियातल्या गोरेमे गावात. पहाटे फुगा, दुपारी परतीचं विमान. एजंट म्हणतो, मेमध्ये फुगा शंभर टक्के. आईचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. काही राहून गेलंय का?
– एक वाचक, सांगली

राहून काही गेलेलं नाही, फक्त सगळं उलटं लावलंय. गोरेमे आधी घ्या, इस्तंबूल मागून. इस्तंबूलला उतरलात की पुढचं विमान कायसेरीचं किंवा नेवशेहिरचं धरा. नेवशेहिर गोरेमेला जवळ, कायसेरीहून गाडीने तास-सव्वा तास. तिथे तीन रात्री राहा आणि फुगा पहिल्याच पहाटेचा ठरवा. रद्द झाला तर हाताशी आणखी दोन पहाटा उरतात. अंताल्या गाळलंत तरी चालेल. समुद्र आपल्याकडेही आहे.

शंभर टक्के म्हणणाऱ्या एजंटला एकच विचारा, वारा तुमच्या खिशात आहे का? तिथे फुगे उडवायचे की नाही हे कंपनी ठरवत नाही. त्यांचं नागरी विमान वाहतूक खातं रोज पहाटे हवा बघून परवानगी देतं. हिवाळ्यात जास्त दिवस रद्द होतात, मेमध्ये कमी, पण होतात.

मी आणि माझी धाकटी बहीण नोव्हेंबरात गेलो होतो. पहिल्या पहाटे चारला उठून, तीन स्वेटर चढवून तयार बसलो आणि निरोप आला, आज नाही. मी अंगणात गेले. आकाशात चांदणं, झाडाचं पान हलत नव्हतं. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई मी, तरी हॉटेलच्या पोरावर करवादलेच, की एवढ्या शांत हवेत रद्द कसलं? त्याने नुसतं वर बोट दाखवलं. खरंच होतं त्याचं. खाली सामसूम असताना दोनशे मीटरवर जोराचा वारा असू शकतो, हे मीच फळ्यावर काढून दाखवायचे! दुसऱ्या दिवशी तर मैदानापर्यंत गेलो. फुगा जमिनीवर आडवा, पंख्याने अर्धा फुगलेला आणि तेवढ्यात परत गुंडाळायला सुरुवात. चहा-बिस्किटं खाऊन माघारी. तिसऱ्या दिवशी उडालो. आमच्या शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं, त्यांची ती एकच पहाट होती, दुसरी. बिचारे बॅगा घेऊन तसेच विमानतळावर गेले.

पैशांचं थोडक्यात. उड्डाण रद्द झालं तर पूर्ण पैसे परत, हे लेखी घ्या. दोन-तीन दिवस सलग रद्द झाले की अडकलेले सगळे एकदम येतात, मग जागा मिळत नाही आणि दर चढतात. म्हणून नोंदणी घरूनच करून जा. विम्याचं विचारा आणि टोपलीत किती माणसं घेणार तेही. सोळाची टोपली वेगळी, अठ्ठावीसची वेगळी. व्हिसाचं बघितलंत ना? अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) चालू व्हिसा असेल तर आपल्याला ऑनलाइन मिळू शकतो, नाहीतर आधी अर्ज करून पासपोर्टवर व्हिसा चिकटवून घ्यावा लागतो. मेची तयारी मार्चात सुरू करू नका.

आता आईंचा गुडघा. खरा प्रश्न हाच आहे आणि तो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात. टोपलीला दार नसतं. वेताच्या भिंतीत पाऊल रोवायला खोबण्या असतात, त्यांत पाय टाकून छातीएवढ्या काठावरून आत उतरायचं. आत बसायला काही नाही, तासभर उभं राहायचं. फुगा जमिनीला टेकताना गुडघे वाकवून, पाठ टेकवून, दोरीच्या कड्या घट्ट धरायच्या. आमच्या पायलटने फुगा थेट गाडीच्या ट्रेलरवर अलगद ठेवला, पण त्याच दिवशी पलीकडचा फुगा दोनदा आपटून शेतात कलंडला. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना हे सगळं वर्णन करून विचारा, नुसतं ‘फिरायला जाऊ का’ असं नको. कंपनीपासूनही लपवू नका. आणि आईंनाही विचारा हो! नाही म्हणाल्या तर हॉटेलच्या गच्चीवर शाल गुंडाळून बसवा. शंभराहून जास्त फुगे एकदम वर येताना खालूनच जास्त दिसतात.

मुलीला उंचीमुळे काठावरून दिसणार नाही, तिला खोबणीच्या बाजूला उभं करा. डोक्यावर टोपी सगळ्यांनी घाला. थंडीसाठी नाही, डोक्यावर हवा तापवणाऱ्या बर्नरसाठी. पंप मारलेला स्टोव्ह टाळूवर धरल्यासारखी धग लागते आणि आवाजही तसाच.

उरलेल्या दोन दिवसांत डेरिनकुयूचं जमिनीखालचं गाव बघा (आईंनी नको, वाकून जिने उतरावे लागतात) आणि त्या दगडाला हात लावा. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळाकभिन्न. तिथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. म्हणून तर लोकांनी त्यात घरं, देवळं, कबुतरखाने कोरले.

बाई, गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले तरी माझे पाय लटपटतात. मी फुग्यात बसू का?
– एक वाचक, अकोला

माझेही लटपटतात. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मी अजून खाली बघत नाही. पण फुग्यात तसं झालं नाही. भिंत, कठडा असं जमिनीला जोडलेलं काहीच नसतं, त्यामुळे उंची अंगावर येत नाही. आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो म्हणून वाराही लागत नाही. बर्नर बंद झाला की इतकं शांत, की खालच्या गावातला कोंबडा ऐकू आला. पायलट दरीत एवढा खाली उतरला, की बहिणीने हात लांब करून जर्दाळूच्या झाडाचं पान तोडलं. पिवळं पडलेलं होतं. ते तिने पासपोर्टमध्ये ठेवलं आणि मुंबईला उतरल्यावर शिक्का मारणाऱ्याने उचलून विचारलं, हे काय?