विणकामात आनंद नेमका कशाचा असतो, आणि तो टिकावा म्हणून काय करावे?

आपण लिहिले आहे की मुंबईत घरी बसून, व्हिडिओ पाहत, आपण एक मफलर विणायला घेतला. ४० टाक्यांवर सुरू केलेला तो मफलर वीतभर होईपर्यंत ४७ टाक्यांचा झाला, त्याच्या दोन्ही कडा गुंडाळल्या जाऊ लागल्या, आणि शेवटी आपण तो सुयांसकट पिशवीत घालून ठेवला. तयार स्वेटर स्वस्तात मिळतो, मुंबईत थंडीही म्हणण्यासारखी नसते, तर लोकांना या छंदात आनंद वाटतो तो कशाचा, असे आपण विचारले आहे. मी नाशिकला राहते आणि गेली ४० वर्षे विणते आहे. माझ्यापुरते उत्तर असे आहे की हा आनंद वस्तू पुरी होण्यात थोडा असतो आणि विणलेले वाचता येण्यात फार मोठा असतो. आपल्याला टाके घालायला शिकवले गेले. घातलेला टाका ओळखायला कोणी शिकवले नाही, आणि म्हणून आपला हात थांबला.

मराठीत माग असो, बाज असो, टोपली असो की स्वेटर असो, सगळ्यांना आपण ‘विणणे’ हे एकच क्रियापद लावतो, त्यामुळे एक महत्त्वाचा फरक नजरेआड होतो. पैठणी किंवा घोंगडी मागावर होते. तिथे ताण्याचे उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. सुयांवरच्या विणकामात असे दोन धागे नसतात. एकच धागा, त्याचा एक फास, त्या फासातून ओढून काढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा, असे सगळे कापड एकाच धाग्याच्या वळणांचे बनलेले असते. स्वेटर ओढला की पसरतो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो, तो या वळणांमुळे. आणि शेवटचे टोक सोडवून ओढले की सगळा स्वेटर पुन्हा लोकरीचा गुंडा होतो, तोही यामुळेच. या रचनेत काही लपलेले नसते. कुठे काय झाले ते डोळ्यांसमोर असते, फक्त ते ओळखता यायला हवे.

मला आत्याने शिकवले. मी तेव्हा १२ वर्षांची होते. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातात सुया दिल्याच नाहीत, एका जुन्या स्वेटरची बाही दिली आणि खिडकीपाशी बसवून विचारले, “यात तुला काय दिसते?” सुलट बाजूला मला वेण्या दिसल्या, शेजारीशेजारी घातलेल्या बारीक वेण्या. ती म्हणाली, वेणी नको, गव्हाची ओंबी म्हण, आणि ओंबीतली दाण्यांची एक जोडी म्हणजे एक टाका. मग तिने बाही उलटी केली. तिथे आडवे, फुगीर, तांदळाच्या दाण्यांसारखे उंचवटे होते. तिने एका सुलट टाक्यात टाचणी अडकवली आणि पुन्हा बाही पलटून दाखवली: त्याच टाक्याची पाठ म्हणजे तो उंचवटा होता. सुलट टाका आणि उलट टाका हे दोन वेगळे टाके नाहीत, एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या दुपारी मला कळले आणि पुढचे सगळे विणकाम त्यावर उभे राहिले. मग ती मला डोळे मिटायला सांगून बोटाने चाचपायला लावी आणि विचारी, सुलट की उलट.

आता आपल्या ४७ टाक्यांकडे येते. वाढलेला टाका नवशिक्याच्या हातून बहुधा दोन प्रकारे येतो. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे टाकली गेली, तर शेवटच्या टाक्याखालचा भाग वर ओढला जातो आणि त्या एका टाक्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात; आपण ते दोन्ही विणतो आणि एकाचे दोन होतात. दुसऱ्या प्रकारात लोकर पुढच्या बाजूला राहिलेली असते आणि आपण तशीच सुलट विणतो, त्यामुळे सुईला एक जादा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत तो टाका होऊन बसतो. दोघांची खूण वेगळी आहे. पहिल्या चुकीने कड जिन्यासारखी बाहेर सरकत जाते. दुसरीने कापडाच्या मध्ये एक गोल भोक पडते. पिशवीतला मफलर काढून उजेडात धरला, तर ते ७ टाके कुठून आले हे आपल्याला त्याच्याकडूनच कळेल. उपाय साधा आहे: ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर सुईच्या खालून मागे न्यावी, आणि पहिला महिनाभर प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत.

कडा वळल्या त्यात मात्र आपली काही चूक नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीत सगळ्या ओंब्या एका बाजूला आणि सगळे उंचवटे दुसऱ्या बाजूला जातात. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, त्यामुळे उभ्या कडा मागे वळतात आणि खालचा-वरचा काठ पुढे वळतो. इस्त्रीने हा स्वभाव फार काळ जात नाही. आणि बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर तिची उभारी कायमची जाते, म्हणून ते करूच नये. त्याऐवजी दोन्ही बाजूंना ओंब्या आणि उंचवटे सारखे येतील अशी वीण निवडावी. सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडव्या सऱ्या पडतात आणि कापड सपाट बसते. एक सुलट, एक उलट घालत पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल केली की बारीक दाणेदार वीण येते. आमच्या घरी तिला साबुदाण्याची वीण म्हणत. मफलराला ती फार शोभते.

वाचता येण्याचा उपयोग केवळ चूक टाळण्यापुरता नाही, चुकीची भीती जाण्यासाठी आहे. माझ्या भाचीच्या बाळंतविड्यात मी टोपडे, मोजे आणि एक स्वेटर दिला होता. बारशाच्या दिवशी बाळाला स्वेटर घालायला घेतला आणि गळा डोक्यातून जाईना. गळ्याचे टाके मी फार आवळून बंद केले होते. आतल्या खोलीत बसून मी शेवटची ओळ उसवली, मोकळे झालेले टाके एकेक करून सुईवर घेतले आणि त्याच गळ्याचे टाके १० नंबरच्या सुईऐवजी ८ नंबरच्या सुईने सैलसर बंद केले. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात हे इथेच सांगते: १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटर जाडीची आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अर्ध्या तासात बाळाच्या अंगावर स्वेटर होता. शिवलेल्या कपड्यात कात्री चुकली की कापड गेले. विणकामात सूत जात नाही, फार तर आपला वेळ जातो, आणि तो वेळही मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही.

स्वेटर सुरू करण्यापूर्वी नमुन्याचा छोटा तुकडा विणून टाके मोजण्याचा कंटाळा मात्र करू नये. समजा, कृतीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके सांगितले आहेत आणि छातीचा घेर ८० सेंटिमीटर हवा आहे, म्हणून आपण १७६ टाके घातले. आपला हात थोडा घट्ट असेल आणि त्याच १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर घेर ७३ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर दुसऱ्याच माणसाच्या मापाचा होतो. म्हणून सुईची जाडी बदलावी, हात बदलायला जाऊ नये.

मुंबईच्या हवेबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. आमच्या जिल्ह्यात निफाडला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तिथे लोकरीला काम आहे. मुंबईत मी सुती दोरा आणि क्रोशा सुचवीन. रुखवतात मांडले जाणारे रुमाल आणि दाराची तोरणे आपण पाहिली असतील. ती बहुधा क्रोशाच्या, म्हणजे टोकाला वाकडा आकडा असलेल्या, एकाच सुईवर झालेली असतात. क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास जिवंत असतो, त्यामुळे टाका गळून खाली ओळीच्या ओळी सुटण्याचे भय नसते. आणि इथले वाचन आणखी गोड आहे. गोल रुमाल सपाट बसायचा असेल तर प्रत्येक फेरीत किती टाके वाढवायचे, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे: परीघ हा त्रिज्येच्या साधारण ६.२८ पट असतो, म्हणून जितका रुंद तितकाच उंच असा बुटका टाका असेल तर फेरीला ६ टाके वाढवावे लागतात, आणि दुप्पट उंचीचा टाका, ज्याला खांब म्हणतात, तो असेल तर १२. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर उठते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये याच झालरीचा उपयोग करून, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत, जी भूमिती कागदावर दाखवणे अवघड जाते तिचे वक्र पृष्ठ क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. माझा रुमाल झालरीसारखा उठला की मला त्यांची आठवण होते आणि मी तो लगेच उसवत नाही, आधी थोडा वेळ पाहते.

स्वस्त तयार स्वेटरचा, म्हणजे यंत्राचा मुद्दा राहिला. मोजे विणणारे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये बनवले. म्हणजे हाताने विणणाऱ्यांच्या शेजारी यंत्र ४०० वर्षांहून अधिक काळ आहे आणि ते कायमच अधिक वेगाने आणि अधिक स्वस्तात विणत आले आहे. आज हाताने विणणारा माणूस पैसे वाचवण्यासाठी विणत नाही. चांगली लोकर घेतली तर तयार स्वेटरपेक्षा खर्च जास्तच होतो. हे आधीच मान्य करून बसले की हिशेबाची टोचणी राहत नाही.

आता तो पिशवीतला मफलर. तो टाकू नका आणि घाईने उसवूही नका. आधी वर सांगितलेल्या खुणा त्याच्यावर शोधा, सापडलेल्या प्रत्येक जादा टाक्याखाली रंगीत दोऱ्याची गाठ मारा, सातही सापडेपर्यंत. मग सुया काढून तो उसवा. निघालेली लोकर टाक्यांच्या आकाराने कुरळी झालेली असेल. ती खुर्चीच्या पाठीभोवती सैल गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत टांगा. वाळल्यावर ती बरीच सरळ होते. लोकर काळी किंवा गडद निळी असेल तर सध्या बाजूला ठेवा आणि फिकट रंगाची, फार केसाळ नसलेली फोर प्लाय (चार पदरी) लोकर व ८ नंबरच्या सुया आणा, कारण गडद लोकरीत टाका दिवसाही नीट दिसत नाही. ३१ टाके घाला, साबुदाण्याची वीण धरा. टाके विषम असले की प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते आणि काही लक्षात ठेवावे लागत नाही: खाली उंचवटा दिसला तर सुलट, ओंबी दिसली तर... इथे थांबून आपणच विचार करा, कारण दाण्यावर दाणा आला की रेघ होते आणि साबुदाणा उरत नाही. पहिल्या १० ओळी झाल्यावर उत्तर आपल्याला कापडावरच दिसेल: उंचवट्यावर सुलट घालायचा असतो, आणि ओंबीवर उलट.