वाचकांचे प्रश्न : आजोळचे ‘जुनं ठेसन’

प्रश्न : माझे आजोळ कवठेमहांकाळच्या पुढे, पंढरपूरच्या वाटेवर आहे. गावाबाहेर एक दगडी, कौलारू इमारत ओस पडली आहे. तिला सगळे ‘जुनं ठेसन’ म्हणतात. हल्लीचे रूळ मात्र दोन-तीन शेते सोडून पलीकडून जातात. कोल्हापूरला रेल्वे आली तेव्हाच हे स्थानक शाहू महाराजांनी बांधवले, असे मामा सांगत. उतारू मिळेनासे झाले म्हणून ते बंद पडले, असेही गावात म्हणतात. यातले खरे काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मामांच्या सांगण्यात दोन वेगळ्या रेल्वे एकत्र झाल्या आहेत. कोल्हापूर-मिरज हा मार्ग कोल्हापूर संस्थानाचा. तो १८९१ साली सुरू झाला, तेव्हा महाराज अल्पवयीन होते आणि त्यांच्या हाती राज्यकारभार यायला आणखी तीन वर्षे होती. तो मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता. आपल्या आजोळावरून जाणारी गाडी मात्र ‘बार्शी लाइट’ या रेल्वे कंपनीची, म्हणजे दोन रुळांत अवघे ७६२ मिलिमीटर अंतर असलेल्या नॅरोगेजची. ती १९०६ साली पंढरपूरला पोहोचली आणि मिरजेपर्यंत यायला १९२७ साल उजाडले. महाराजांचे निधन १९२२ सालचे, तेव्हा ही इमारत त्यांच्या काळातली असू शकत नाही.

उतारू मिळेनासे झाले, हे तर मला मुळीच पटत नाही. लहानपणी कोल्हापूरच्या गाडीने मिरजेला उतरून आजीबरोबर मी याच गाडीने आषाढीला पंढरपूरला गेलो आहे. डबा इतका अरुंद, की समोरच्या बाकावरील माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत, आणि आत जागा उरली नाही म्हणजे वारकरी टपावर चढून बसत. वाटेत एका स्थानकावर इंजिन पाणी घेण्यासाठी थांबले, तेव्हा हत्तीच्या सोंडेसारख्या त्या नळातून सांडणाऱ्या धारेखाली बायामाणसांनी आपापले तांबे धरले होते. आजीने भरून आणलेल्या तांब्यातल्या पाण्याला कोळशाचा वास येत होता, तो मला अजून आठवतो.

स्थानक ओस पडण्याचे कारण गेजमध्ये, म्हणजे रुळांमधील अंतरात आहे, आणि गंमत अशी की गावाला रेल्वे मिळाली तीही त्याच कारणाने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइटची आखणी करताना चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा दंडक घातला. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला गेल्यामुळे १८९७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या पहिल्या मार्गाला मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचे रूळ असतात. रूळ हलके, वळणे आखूड आणि भराव-खोदाई कमी असल्यामुळे, ज्या दुष्काळी माळरानावर मोठ्या रेल्वेचा खर्च कधीच निघाला नसता, तिथेही कंपनीला गाडी नेता आली.

तीच काटकसर पुढे अडचणीची झाली. कोल्हापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या गुळाचे रवे मिरजेला एका वाघिणीतून (मालाच्या डब्यातून) उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावे लागत. हमाली, खोळंबा आणि फुटतूट हे सगळे व्यापाऱ्याच्या माथी येई. १९७१ साली कोल्हापूर ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद रुळांवर आले तरी ही बदली सुटली नाही. पुढे मालट्रक दुकानाच्या दारातून माल उचलू लागले, तेव्हा व्यापारी तिकडे वळले यात नवल नाही. १९५४ साली बार्शी लाइट कंपनी सरकारच्या ताब्यात आली होती. देशभर एकच गेज करण्याचे धोरण १९९२ साली ठरले आणि २०१० च्या आसपास मिरज-पंढरपूर मार्गही ब्रॉडगेज झाला.

नॅरोगेज ओढ्या-टेकाडांना वळसे घालत जाई; ब्रॉडगेजला मात्र सौम्य वळण लागते, आणि स्थानकात पूर्ण लांबीची मालगाडी बाजूला उभी करता येईल एवढी सपाट, सरळ जागाही लागते. त्यामुळे ठिकठिकाणी रूळ जुन्या वाटेवरून सरकले आणि जुन्या इमारती मागे राहिल्या. आपल्याकडेही हेच झाले असणार.

याची खात्री आपल्याला स्वतःच करता येईल. इमारतीसमोरचा फलाट पाहावा. तो जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असेल, तर तो बहुधा लहान गाडीचा. तिकिटाची खिडकी, जवळपासची विहीर आणि पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा यांची छायाचित्रे घ्यावीत. मग गावचा जुना नकाशा मिळवून त्यातील रेल्वेच्या जमिनीची पट्टी आजच्या रुळांशी ताडून पाहावी. बांधावरची बाभळीची रांग किंवा शेतातून वाकत गेलेला उंचवटा त्या पट्टीशी जुळला, की जुना मार्ग पायी चालता येतो. इमारत बहुधा अजून रेल्वेच्याच मालकीची असेल, म्हणून आत जाण्यापूर्वी जवळच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरांना विचारावे, आणि तिथला एकही दगड किंवा कौल कोणाला हलवू देऊ नये. मामांच्या वयाची जी माणसे गावात उरली असतील, त्यांच्याकडून गाडीच्या वेळा आणि स्थानकावर काम केलेल्यांची माहिती या दिवाळीच्या सुट्टीतच लिहून घ्यावी.