मेडिएटर व्हायचंय, मग आधी एलएलबी की एमएसडब्ल्यू?

तुझं पत्र मिळालं. बीए सायकॉलॉजीचं शेवटचं वर्ष, मावसबहिणीचा डिव्होर्स कित्येक वर्षं नुसत्या तारखांवर अडकला आणि मग मेडिएशनच्या, म्हणजे तटस्थ माणसाच्या मदतीने आपसात तोडगा काढायच्या, काही बैठकांत सुटला, ते बघून तुला हेच काम करायचंय पण "कोर्टात उभं राहून भांडायचं नाहीये", आणि बाबा म्हणतायत असलं काही करिअर नसतं.

बाबांचं एक बरोबर आहे. कॉलेज संपलं की लगेच मेडिएटरची नोकरी असं आपल्याकडे नाही. कोर्टाच्या पॅनलवरचे बहुतेक मेडिएटर म्हणजे बरीच वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील नाहीतर निवृत्त जज, वर ४० तासांचं ट्रेनिंग घेतलेले, आणि मिळतं ते मानधन, पगार नाही. त्यामुळे हाताशी आधी एक पक्कं प्रोफेशन हवं.

पण स्कोप नाही हे मात्र मला मान्य नाही. फॅमिली कोर्टाच्या १९८४ च्या कायद्यातच समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी कोर्टावर टाकलीये, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. श्रीनिवास राव केसमध्ये नवरा-बायकोचे वाद मेडिएशनकडे पाठवा म्हणून सांगितलं, आणि २०२३ ला तर मेडिएशनचा स्वतंत्र कायदाच झाला, त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

आता काम नक्की काय असतं ते नीट समजून घे. दोघांना परत एकत्र नांदायला लावणं एवढंच ते नाही. कधी संसार सावरतो, खूपदा नाही सावरत, मग निदान वेगळं होताना मुलाची परवड होऊ नये यासाठी बसायचं. आधी दोघांना समोरासमोर ऐकायचं, मग वेगवेगळं, कारण सासरच्यांसमोर जे बोलता येत नाही ते तिथे बाहेर येतं. वरवर भांडण पोटगीच्या आकड्याचं असतं आणि आत खरी भीती ही की मूल आपल्याला विसरेल. मग दिवाळीची सुट्टी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, स्त्रीधन कधी परत, हे सगळं एकेक करत कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, उतरतं. मेडिएटर निकाल देत नाही, आणि मला हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते, कारण कोण चुकतंय ते दिसत असूनही गप्प बसावं लागतं. मात्र बाई मारहाणीच्या धाकाने मान डोलावतेय असं दिसलं तर तिथे समझोता रेटायचा नाही, हे आत्ताच मनावर कोरून ठेव.

तुला मी आधी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, करायला सांगेन. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि निर्मला निकेतन. त्यातून फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक होता येतं, किंवा पोलीस ठाण्यातल्या महिला-मुलांच्या स्पेशल सेलमध्ये काम मिळू शकतं, टिसने १९८४ ला सुरू केलेला तो उपक्रम आता राज्यभर आहे. माणसं ऐकायची सवय तिथे लागते. एलएलबी नंतरही होतं, तीन वर्षांचं, सीईटी देऊन.

आणि फॉर्म भरायच्या आधी तुमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवक म्हणून घेतात का विचार. मेडिएशनच्या खोलीत बसू देणार नाहीत, तिथलं बोलणं गोपनीय असतं, पण बाहेर बाकावर थांबलेल्या माणसांशी बोलायला मिळेल. शक्य झालं तर बाबांनाही बरोबर घेऊन जा.