मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करायची आहे, पुण्यात आधी एमबीए करू की अर्थशास्त्रात मास्टर्स?

फायनान्स किंवा धोरण हा विषय मनात असेल, तर मी अर्थशास्त्रच सांगेन. मी एमबीए करून पीएच.डी.ला आलो. पहिल्याच महिन्यात गाईडनी एका शोधनिबंधातला रिग्रेशनचा (गोष्टींमधला संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीचा) तक्ता पुढे ठेवला आणि विचारलं, "या आकड्याखाली कंसात काय दिलंय?" ती स्टँडर्ड एरर होती, म्हणजे वरचा अंदाज किती अनिश्चित आहे ते सांगणारा आकडा. मला सांगता आलं नाही. पुढचं अख्खं वर्ष संख्याशास्त्र शिकण्यात गेलं. हे तुमच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या एम.एस्सी.चा जरूर विचार करा. इकॉनॉमेट्रिक्सचा, म्हणजे अर्थशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या संख्याशास्त्राचा, पाया पक्का झाला की पुढे खूप सोपं जातं. एचआर किंवा मार्केटिंग आवडत असेल तर एमबीएही चालेल, फक्त प्रबंध स्वतः लिहा, डेटा स्वतः गोळा करा. एम.कॉम. असेल तर कॉमर्समधली पीएच.डी. जास्त सरळ पडते.

आणि गुण सांभाळा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मास्टर्सला किमान ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा.