'मॅगट': नाचाच्या नावात अळी कशी आली?

प्रश्न असा आलाय की जुन्या इंग्लिश कंट्री डान्सच्या ट्यून्स ऐकताना 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट', 'डिक्स मॅगट', 'जॅक्स मॅगट' अशी नावं दिसतात, डिक्शनरीत मॅगट म्हणजे माशीची अळी, मग इतक्या गोड चालींना असलं किळसवाणं नाव का आणि मराठीत त्याला काय म्हणायचं.

अळीच आहे ती, पण डोक्यातली. त्या काळी इंग्लंडात समजूत होती की माणसाला मधेच काहीतरी भलतंच सुचतं ते डोक्यात अळी वळवळते म्हणून, आणि त्यावरून मग लहरीलाच, मनात आलं आणि करून टाकलं अशा कुठल्याही गोष्टीला मॅगट म्हणायला लागले. 'व्हेन द मॅगट बाइट्स' म्हणजे हुक्की येईल तेव्हा. मराठी माणसाला हे फार समजावून सांगायला नको, 'याच्या डोक्यात आता कसला किडा वळवळतोय' हे आपण उठताबसता म्हणतो. आणि हा अर्थ चांगल्या घरात चालणारा होता बरं का, मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीचे वडील सॅम्युएल वेस्ली यांनी १६८५ मध्ये कवितासंग्रह छापला त्याचं नावच 'मॅगट्स', म्हणजे सुचल्या तशा लिहिलेल्या कविता.

आता नाचाकडे. जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' छापलं, १०५ नाच, वर चाल आणि खाली पावलांच्या सूचना. ते इतकं खपलं की पुढे पाऊणशे वर्षं आवृत्त्या निघत राहिल्या, बापानंतर मुलगा हेन्री काढायला लागला, आणि बेव्हरिजचं मॅगट १६९५ च्या आवृत्तीत आलं. प्रत्येक आवृत्तीत नवे नाच भरायचे म्हणजे नवी नावंही हवीत, मग कुणाचं 'डिलाइट', कुणाचं 'मॅगट', कुठे 'ट्रिप टू किलबर्न'. मिस्टर आयझॅक हे राणी अ‍ॅनच्या दरबारातले नाचाचे मास्तर, त्यांच्याही नावाचं मॅगट आहे. म्हणजे नावाचा अर्थ एवढाच की ही अमक्याला आलेली लहर, घ्या नाचा.

पण हे नाव या नाचांना किती शोभतं ते ऐकल्यावर आणि त्याहून नाचल्यावर कळतं. बेव्हरिजची चाल तीन ठोक्यांच्या मापातली आहे, त्याला थ्री-टू हॉर्नपाइप म्हणतात (खलाशांच्या नाचातलं हॉर्नपाइप ते वेगळं, ते चारात चालतं), आणि ही मापं ऐन वेळी वजन हलवतात, तुम्हाला वाटतं आता इथे जोर येणार आणि तो अर्ध्या पावलानं पुढे जाऊन पडतो. याच जातीची दुसरी म्हणजे 'होल इन द वॉल', ती चाल हेन्री पर्सेलची, १६९५ मध्ये 'अब्देलाझर' नाटकासाठी केलेली. त्यातली एक जागा मला फार आवडते. दोन जोड्यांचा चौकोन असतो, त्यातले समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोघं एकमेकांची जागा घेतात, दोन मापं, सहा पावलं, बाकीचे दोघं नुसते उभे, आणि या सहा पावलांत तुम्ही ज्या माणसाशेजारून जाता त्याच्याकडे बघत बघत वळायचं असतं, घाई केली तर पाचव्या पावलालाच पोचता आणि सहाव्याला काय करावं कळत नाही, आणि बरोबर जमलं तर पाऊल आणि सूर एकाच वेळी टेकतात. मग दुसरा कोपरा, मग चौघांचं अर्धं वर्तुळ, मग पहिली जोडी बाहेरून वळून एक घर खाली, आणि समोर नवी जोडी. जुन्या पुस्तकात यालाच 'लाँगवेज फॉर अ‍ॅज मेनी अ‍ॅज विल' म्हटलंय, जितके येतील तितक्यांची लांब रांग, रांग सरकत राहते आणि हळूहळू अख्ख्या हॉलशी हात मिळवून होतात. सुरुवातीला कॉलर, म्हणजे नाच पुकारणारा, प्रत्येक हालचाल आधी ओरडून सांगत असतो, चार-पाच फेऱ्यांनी तो गप्प होतो आणि मग फक्त फिडल, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) आणि शंभर पायांचा आवाज. या सुखासाठी मी दर वेळी जाते.

मराठीत काय म्हणावं? 'किडा' मुळाशी सगळ्यात जवळचा, पण आज किडा म्हटलं की खोडी किंवा कायमचं वेड असा वास येतो, चालीच्या नावात तो बसणार नाही. 'खूळ' हट्टी आहे, डोक्यात शिरलं की जात नाही. 'छंद' मोह पाडतो खरा, त्यात वृत्त हाही अर्थ आहे, पण छंद वर्षानुवर्षं जोपासायचा असतो आणि मॅगट क्षणात येतं. 'लहर' चालेल, सभ्य आहे. मी मात्र 'हुक्की' घेईन, कारण ती अचानक येते, अंगात येते आणि आली की बसू देत नाही. 'बेव्हरिजसाहेबांची हुक्की' असं मोठ्यानं म्हणून बघा.

जाता जाता, प्रश्नात खाली असंही विचारलंय की 'कंट्री डान्स' हे फ्रेंच 'काँत्रदाँस'चं बिघडलेलं रूप आहे का. उलटं आहे. इंग्लिश शब्द आधीचा, सतराव्या शतकाच्या शेवटी नाच फ्रान्सला गेले तेव्हा त्यांनी तो आपल्या कानाप्रमाणे काँत्रदाँस केला, समोरासमोरच्या रांगा बघून 'काँत्र' म्हणजे 'समोर' हे पटण्यासारखंही होतं, तिथून स्पॅनिशात कोंत्रादान्सा, आणि तो क्यूबात जाऊन तिथल्या तालात असा मिसळला की पुढे त्यातूनच दान्सोन हा क्यूबाचा स्वतःचा नाच निघाला.