भारताने भूसुरुंगबंदीच्या करारावर सही केलेली नाही, मग आपण कुठलाच नियम पाळत नाही का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही निपाणीचे, धाकटा भाऊ फौजेच्या भरतीसाठी रोज पहाटे पळतोय, आणि १६० हून जास्त देश ज्यात आहेत त्या भूसुरुंगबंदी करारात, म्हणजे ओटावा करारात, भारत नाही असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून विचारलंत, की आपली फौज मग कुठलाच नियम पाळत नाही का, आणि भारताने सही करावी की नाही. मी खानापूर तालुक्यातला. पायदळात सतरा वर्षं काढली, त्यातली बरीच माइन पेरलेल्या जमिनीच्या कडेला. हातानं केलेलं आणि नंतर वाचून समजून घेतलेलं, दोन्ही सांगतो.

ओटावा करारात भारत नाही, हे खरं. कुठलाच नियम पाळत नाही, हे मात्र खरं नाही. दुसऱ्या एका करारानं आपण बांधलेले आहोत आणि तो पाळायला सोपा नाही.

आधी एक घोळ सोडवू. आपली वर्तमानपत्रं 'भूसुरुंग' हा शब्द कशालाही लावतात. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्यात स्फोट केला, १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. त्यालाही भूसुरुंगच छापलं. ओटावा करारानं ज्यावर बंदी आणली तो माइन वेगळा. त्याला बटण दाबायला कुणी लागत नाही. ज्याचा पाय पडेल त्याच्याच वजनानं तो उडतो, मग तो घुसखोर असो, गुराखी असो की आपलाच जवान. असा दाबानं उडणारा घरी बनवलेला असला तरी बंदीत येतो. दुरून तारेनं उडवलेला येत नाही. रणगाड्यासाठी पेरतात ते एटी माइनही येत नाहीत. फौजेत ज्याला एपी, म्हणजे अँटी-पर्सनल, माणसांसाठीचा माइन म्हणतात, त्याच्यापुरतीच ही बंदी आहे.

ओटावात ३ डिसेंबर १९९७ ला सह्या सुरू झाल्या आणि १ मार्च १९९९ ला करार लागू झाला. सही करणाऱ्या देशानं एपी माइन वापरायचा नाही, बनवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. साठा चार वर्षांत नष्ट करायचा, जमिनीत असलेले दहा वर्षांत काढायचे. काढणं वेळेत नाही जमलं तर मुदतवाढ मागायची, पण सगळ्यांसमोर कारण सांगून. शिवाय दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत लेखी हिशेब द्यायचा: किती होते, किती मोडले, कुठल्या जमिनीत अजून आहेत.

भारत दरवर्षी सांगतो, की जग भूसुरुंगमुक्त व्हावं हे आम्हाला मान्य आहे, पण आमच्या सीमा लांब आणि वादाच्या आहेत. एपी माइनचं काम करेल असं दुसरं परवडणारं साधन हाती येईपर्यंत तो टाकता येत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावर मतदान होतं तेव्हा भारत तटस्थ राहतो, आणि ओटावा कराराच्या बैठकांना निरीक्षक म्हणून जातो. दुसऱ्या देशांना माइन विकणं मात्र १९९६ पासून बंद आहे. हे कारण मला खोटं वाटत नाही. जानेवारीच्या धुक्यात पोस्टच्या खालचा नाला चार माणसांनी रात्रभर बघायचा म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथं माइन जागा असतो. त्या भरवशावर मी झोपलोय.

आता आपण पाळतो तो नियम. १९८० चा पारंपरिक शस्त्रांवरचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचा सुधारित प्रोटोकॉल दोन १९९६ ला ठरला आणि भारतानं तो १९९९ ला स्वीकारला. पाकिस्तान आणि चीनही त्यात आहेत. तो माइनवर बंदी घालत नाही, वापराला लगाम घालतो. डिटेक्टरला सापडेल इतकं, म्हणजे आठ ग्रॅम लोखंडाइतकं धातू प्रत्येक एपी माइनमध्ये हवं. विमानातून किंवा तोफेतून फेकायचे असतील तर ठरलेल्या दिवसांत आपोआप निकामी होणारेच फेकायचे. हातानं पेरलेल्या पट्ट्याला कुंपण, पाट्या आणि पहारा हवा. कुठे किती पेरले त्याची नोंद हवी. लढाई थांबली की ज्यानं पेरले त्यानं काढायचे.

आठ ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतं. आपल्याकडचा एम-१४ जातीचा माइन तळहातावर मावतो. प्लॅस्टिकची छोटी डबी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आत २९ ग्रॅम स्फोटक. मूळ बनावटीत धातू जवळजवळ नसतोच, डिटेक्टर वरून गेला तरी गप्प. म्हणून लोखंडाचा तुकडा बसवायचा. काढायला येणाऱ्या माणसाचा जीव त्या तुकड्यावर असतो.

पाट्यांबद्दलचा नियम तर आपल्या भागातल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. पाटी लाल किंवा नारिंगी, कडेला चमकणारी पिवळी पट्टी, आणि 'माइन' हा शब्द कराराच्या सहा अधिकृत भाषांपैकी एकीत आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेत. म्हणजे पंजाबातल्या शेताच्या कडेला गुरुमुखी हवी. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून आपण काय काय पाहिलंय ते तुम्हाला सांगायला नको. कुठल्या तरी साहेबाला जिनिव्हात बसून हे सुचलं, की धोक्याची पाटी गुरं राखणाऱ्या पोराला त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे, याचं मला फार मोल वाटतं.

पण सगळ्यात मोठा नियम मोजणीचा, आणि तो मी फौजेत जायच्या आधी गावात शिकलो. मी लहान असताना आमच्या विहिरीला खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावायला वडार मंडळी आली. पहारीनं सात भोकं पाडली, ठासली, वाती पेटवून सगळे वर येऊन लांब झाडामागे बसले. म्हातारा बोटं मोडत मोजत होता. सहा बार झाले, सातवा झालाच नाही. माझे वडील म्हणाले, उडाला असेल दुसऱ्याबरोबर, आवाज मिसळला असेल. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी कुणालाच खाली उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा उतरला आणि सातवं भोक तसंच भरलेलं सापडलं.

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि आम्हाला राजस्थानात सीमेवर नेलं. पंजाबापासून गुजरातपर्यंत सुरुंग पेरले गेले, कित्येक ठिकाणी लोकांच्या उभ्या पिकांच्या शेतात. सॅपर, म्हणजे सुरुंगांचं काम करणारे फौजेचे इंजिनिअर जवान, पुढे होतेच, पण पायदळाच्या हातांनीही ते काम केलं. पेरताना एक खूण पक्की करायची, तिथून दिशा आणि पावलं मोजायची, ओळ, नंबर, सगळं कागदावर. पुढच्या वर्षी काढायची वेळ आली तेव्हा मे-जूनच्या आंध्यांनी कुंपणाची खालची तार वाळूत गेली होती, एका पाटीचं नुसतं टोक वर होतं. एका ओळीत कागदावर चोवीस. निघाले तेवीस.

काम थांबलं. पोटावर पडून, प्रॉडर, म्हणजे टोचायची सळई, जमिनीशी तिरका, साधारण तीस अंशांत धरून बोटाबोटाच्या अंतरानं टोचत जायचं. उभा टोचला तर माइनच्या डोक्यावर दाब पडतो, तिरका टोचला तर त्याच्या कुशीला लागतो. घाम डोळ्यांत जातो आणि पुसायला हात मोकळा नसतो. दोन दिवस गेले. चोविसावा कागदावरच्या जागेपासून चांगल्या तीन हातांवर सापडला, वाळूबरोबर घसरून गेलेला. तो सापडेपर्यंत आमच्या सुभेदार साहेबांनी कुणालाही त्या पट्ट्यात पाऊल टाकू दिलं नाही. मला तो विहिरीवरचा म्हातारा आठवला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी छातीठोक सांगतो, की नियम पाळला जातो. मी पाळलाय. आणि त्याच अनुभवावरून हेही सांगतो, की नियम पाळून भागत नाही, कारण जमीन नियम पाळत नाही. आमच्या खानापुरात एका मोठ्या पावसात शेताचा बांध सरकतो, बांधाचा दगड खालच्याच्या शेतात सापडतो. काश्मीरच्या उतारावर तर बर्फ वितळतं, दरड येते, आणि शंभर ग्रॅमची डबी पाण्याबरोबर कुठेही जाते. फौजेत त्याला 'ड्रिफ्टेड माइन' म्हणतात. नकाशा बरोबर असतो, कुंपण जागेवर असतं, आणि माइन कुंपणाच्या बाहेर, रोजच्या पायवाटेवर असतो. उन्हाळ्यात रानाला वणवा लागला की पेरलेल्या पट्ट्यात एकामागून एक धडाके ऐकू येतात, आणि मग त्यातले किती उरले ते कागद सांगू शकत नाही.

माझा जोडीदार चिकोडीकडचा. पाणी आणायची वाट, आदल्या दिवशी आम्ही दोघं त्यावरून गेलो होतो. रात्री पाऊस झाला. सकाळी तो माझ्या दहा पावलं पुढे होता. आवाज मोठा नव्हता. मला आधी वाटलं दगड घरंगळला. तो बसला होता आणि बुटाकडे बघत होता. कुणाची चूक नव्हती, चौकशीत कुणाचं नाव निघावं असं काही घडलंच नव्हतं. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात, १९४४ पासून फौजेच्या माणसांना पाय बसवून देणाऱ्या त्या जागी, त्याला चांगला पाय मिळाला. लग्न झालं, ऊस लावतो. पण उसाला पाणी पाजताना चिखलात तो पाय रुतून बसतो, म्हणून तो पाय काढून बांधावर ठेवतो आणि काठीच्या आधारानं, एका पायावर दारं मोडतो. मी गेलो की मला बांधावर तो पाय आधी दिसतो.

सही करावी का? माझं उत्तर हो. उद्याच करा असं म्हणत नाही, पण त्या दिशेनं चालायला लागा. श्रीलंकेनं करून दाखवलं. तिथं २००९ पर्यंत युद्ध चाललं, उत्तरेकडची जमीन माइननं भरलेली, तरी २०१७ च्या डिसेंबरात ते करारात आले. मोझांबिकला करार लागू झाल्यापासून सोळा वर्षं लागली, पण २०१५ ला त्यांनी शेवटचा ज्ञात पट्टा मोकळा केला. उलट बाजूही सांगायला हवी. ग्रीस आणि तुर्कस्ताननं साठा नष्ट करायची मुदत चुकवली. तुर्कस्ताननं ते काम उशिरा पुरं केलं, ग्रीसचं त्यानंतरही कित्येक वर्षं रखडलं. आणि २०२५ मध्ये लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीनं करार सोडायचा निर्णय घेतला. त्यांची भीती मला कळते. तरी ती बातमी वाचून मला त्या देशांतल्या पोरांचेच पाय डोळ्यांसमोर आले, रशियाच्या नव्हे.

सहीची वाट न बघता एक गोष्ट आजही करता येईल. माइननं जखमी झालेल्या प्रत्येकाची, जवान असो, शेतकरी असो की गुराखी, दरवर्षी एकाच जागी मोजणी व्हावी आणि ती कुणालाही वाचता यावी. ती नसेल तर नव्या साधनांवर किती खर्च करायचा, कॅमेरे, सेन्सर, जादा माणसं कुठे लावायची, याचा हिशेब कशावर मांडणार? माइन स्वस्त आहे असं म्हणतात. पुण्यात बसवलेला पाय, पेन्शन, आणि चिकोडीच्या शेतातलं त्याचं अर्धं राहिलेलं काम त्या किमतीत धरलेलं नसतं.

भावाला घाबरवू नका, पळू दे. भरती झाला आणि तशा जागी गेला तर एवढं सांगून ठेवा: पाऊस किंवा बर्फ झाल्यावर कालची वाट नवी समजायची. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, लघवीलासुद्धा वाट सोडायची नाही, कितीही घाई असली तरी. जमिनीवर डबी, तार, झाकण काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, आलेल्या पावलांनी मागे यायचं आणि सॅपरला बोलवायचं. आणि मोजणीत एक कमी पडला आणि कुणी म्हणालं, की उडाला असेल, तर त्यानं म्हणायचं, की सापडू दे.