तपासणी शिबिरांचा परिणाम कसा मोजावा?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील महिला बचत गटांचा महासंघ गेली तीन वर्षे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी शिबिरे भरवतो. आतापर्यंत सुमारे १,४०० स्त्रियांची व्हिनेगर लावून करायची तपासणी झाली. ज्यांच्याबाबत शंका आली त्यांना चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवले. आता देणगीदार संस्था म्हणते की, या शिबिरांचा परिणाम काय झाला ते दाखवा. शिबिरे किती झाली, स्त्रिया किती आल्या आणि संशयित किती निघाल्या, एवढी माहिती आमच्याकडे आहे. ती पुरेशी आहे का?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : ती पुरेशी नाही, आणि देणगीदारांचा प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडील तीनही आकडे काम किती झाले ते सांगतात. त्या कामामुळे कोणाचा आजार वेळेत बरा झाला, कोणाचा जीव वाचला, हे त्यांतून कळत नाही. या दोहोंत किती अंतर पडू शकते ते मराठवाड्यातच झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे, म्हणून तो जरा तपशिलाने सांगते.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ समूह पाडून सोडत पद्धतीने त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि तिसऱ्यात तुम्ही करता तीच व्हिनेगरची तपासणी, प्रत्येकी एकदाच, करण्यात आली. चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली. प्रत्येक गटात ३१ ते ३४ हजार स्त्रिया होत्या. आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

व्हिनेगरच्या गटात १५७ कर्करोग सापडले, पॅपच्या गटात १५२, एचपीव्हीच्या गटात १२७ आणि तपासणी न झालेल्या गटात ११८. सापडलेल्या रुग्णांच्या संख्येवर निकाल द्यायचा म्हटले, तर व्हिनेगरची तपासणी सर्वांत पुढे येते. मृत्यू मोजले तेव्हा मात्र चित्र पालटले. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या आणि एचपीव्हीच्या गटात ३४, म्हणजे जवळजवळ निम्म्या. व्हिनेगरच्या गटात ५६ आणि पॅपच्या गटात ५४ मृत्यू झाले. हे आकडे ६४ पेक्षा कमी दिसत असले, तरी एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आजार दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात पोहोचल्यावर निदान झालेल्या स्त्रिया व्हिनेगरच्या गटात ८६ होत्या, तपासणी न झालेल्या गटात ८२ आणि एचपीव्हीच्या गटात अवघ्या ३९. तुमच्यासारखा अहवाल त्या वेळी कोणी लिहिला असता, तर तो सर्वाधिक रुग्ण शोधणाऱ्या पद्धतीला यशस्वी ठरवून मोकळा झाला असता.

म्हणून व्हिनेगरची तपासणी टाकाऊ आहे, असे मात्र समजू नका. तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात परिचारिकांनी एकदाच केलेल्या याच तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. तिथे तपासणाऱ्या स्त्रिया दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही तपासणी सर्वस्वी तपासणारीच्या नजरेवर अवलंबून असते. सौम्य ॲसिटिक आम्लात (व्हिनेगरमध्ये हेच आम्ल असते) भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखावर लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का, त्याच्या कडा स्पष्ट आहेत की धूसर, हे चांगल्या प्रकाशात पाहून ठरवायचे. प्रकाश अपुरा असला, रांग लांबलेली असली किंवा शिकवलेले पडताळून पाहणारे कोणी नसले, तर एकीला जो डाग दिसतो तो दुसरीच्या नजरेतून सुटतो. त्यामुळे ‘मुंबईत मृत्यू घटले, म्हणून आमच्या शिबिरांनीही ते घटले असणार’ असे लिहिण्याचा मोह टाळावा.

मग तुम्ही स्वतः मृत्यू मोजावेत का? मोजू नयेत, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. उस्मानाबादच्या अभ्यासात तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत आठ वर्षांत ६४ मृत्यू झाले. त्या दराने तुमच्या १,४०० स्त्रियांत आठ वर्षांत सरासरी तीनच मृत्यू अपेक्षित आहेत. तीनाचे दोन झाले किंवा चार झाले, तरी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. एवढ्या लहान कार्यक्रमाकडून मृत्युदर घटल्याचा पुरावा मागणे देणगीदारांच्याही हिताचे नाही. हे त्यांना याच आकड्यांसह स्पष्टपणे सांगा.

तुम्हाला मोजता येईल, आणि मोजायलाच हवी, ती तपासणीपासून उपचारापर्यंतची वाट. सुरुवात यादीपासून करावी. गावोगावच्या आशाताईंकडे तिशीपुढील स्त्रियांची नोंद असते. त्या यादीतील किती जणी आल्या आणि, याहून महत्त्वाचे, कोण आल्या नाहीत, हे लिहून काढा. शिबिराला पुष्कळदा त्याच स्त्रिया येतात ज्यांचे घर रस्त्यालगत आहे आणि ज्या एरवीही दवाखान्याची पायरी चढतात. तुमच्या तालुक्यातील कुटुंबे ऊसतोडीला जात असतील आणि शिबिरे हिवाळ्यात होत असतील, तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या त्या सगळ्या बायका तीनही वर्षे तपासणीबाहेर राहिल्या असणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी केल्याचे आढळले; तेव्हा नव्याने किती जणी आल्या आणि आधी झालेल्या किती जणी पुन्हा आल्या, याचाही हिशेब वेगळा ठेवावा.

त्यानंतर चिठ्ठीचा पाठपुरावा. माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा खरा कस इथे लागतो. चिठ्ठी मिळालेल्या किती स्त्रिया रुग्णालयात पोहोचल्या, किती जणींची दुर्बिणीतून तपासणी झाली, गरज असलेल्या किती जणींच्या गर्भाशयमुखाचा छोटा तुकडा काढून तपासला (बायोप्सी), त्याचा अहवाल किती जणींच्या हाती पडला आणि उपचार किती जणींचे पूर्ण झाले? संशयित स्त्रियांची संख्या शंभराच्या आत असेल, तर महासंघाच्या कार्यकर्त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन हे विचारू शकतात. जी पोहोचली नाही तिला कारणही विचारावे: बुडणारी मजुरी, सोबतीला कोणी नसणे, रुग्णालयाच्या ठरावीक वाराची माहिती नसणे, की ‘कर्करोग’ या शब्दाचीच धास्ती. ज्या चिठ्ठ्यांचे पुढे काही झाले नाही, त्या स्त्रियांना शिबिराने भीती दिली आणि उपचार दिला नाही. हा आकडा अहवालात दडवू नये, तो पहिल्याच पानावर यावा. पुढच्या वर्षी तो किती घटला, तेच तुमच्या कामाचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप होईल.

प्रश्न : तपासणीत लवकर निदान झालेले रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगतात, असे आकडे नेहमी वाचनात येतात. तपासणी उपयुक्त असल्याचा हा थेट पुरावा नव्हे काय?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : एकट्या या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. समजा, एका व्यक्तीचा आजार साठाव्या वर्षी तिचा जीव घेणार आहे. लक्षणे दिसल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी निदान झाले, तर ती निदानानंतर दोन वर्षे जगली असे आपण म्हणू. तोच आजार तपासणीत चौपन्नाव्या वर्षी सापडला आणि उपचारांनी काहीच फरक पडला नाही, तर ती सहा वर्षे जगली असे दिसेल. मृत्यू दोन्ही वेळा साठाव्या वर्षीच आला. आजार ठाऊक असण्याची वर्षे तेवढी वाढली. शिवाय संथ वाढणारे आजार तपासणीत सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि ते रुग्ण एरवीही अधिक जगतात.

जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. सापडणाऱ्या बाळांची संख्या वाढली, त्यांच्या जगण्याचे प्रमाणही उत्तम दिसले. कॅनडा आणि जर्मनीतील अभ्यासांतून मात्र अशा तपासणीने मृत्यू घटत नसल्याचे २००२ मध्ये स्पष्ट झाले, कारण सापडलेल्या कित्येक गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. त्या बाळांना शस्त्रक्रिया आणि औषधोपचार विनाकारण सोसावे लागले होते. २००४ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवला. तेव्हा ‘निदानानंतर किती जगले’ यापेक्षा ‘तपासलेल्या संपूर्ण लोकसंख्येत किती मृत्यू झाले’ हे विचारावे, आणि तेही तपासणी न झालेल्या तशाच लोकसंख्येशी ताडून.

प्रश्न : पण तुलनेसाठी काही गावांना मुद्दाम तपासणीपासून वंचित ठेवणे अन्यायाचे नाही का?
— एक आशा गटप्रवर्तक

उत्तर : ही अस्वस्थता योग्यच आहे. उस्मानाबाद आणि मुंबईच्या अभ्यासांवर नेमकी हीच टीका झाली. तपासणीचा उपयोग इतरत्र आधीच माहीत असताना काही स्त्रियांना ती का दिली नाही, असा टीकाकारांचा सवाल होता. भारतातील नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच आणि आपल्या परिस्थितीत ती चालते का हे कोणालाच ठाऊक नव्हते, अशी संशोधकांची बाजू होती. आज हे पुरावे हाती असताना तुलनेसाठी एखादे गाव कायमचे तपासणीविना ठेवण्याचे समर्थन मी करणार नाही.

मात्र मार्ग निघतो. गांबिया या आफ्रिकेतील देशात १९८६ साली कावीळ-ब ची लस सर्व बाळांना एकदम देण्याइतकी यंत्रणा नव्हती. तेव्हा कोणत्या भागात लस आधी पोहोचावी हे सोडतीने ठरवून, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने ती देशभर नेली. ज्यांची पाळी यायची होती ते भाग तोवर तुलनेसाठी उपयोगी पडले आणि शेवटी लस सर्वांना मिळाली. तुमच्या तालुक्यातही नवे काम सगळ्या गावांत एकाच महिन्यात सुरू होत नाही. पहिले गाव बहुधा पुढाऱ्याचे किंवा रस्त्यालगतचे असते. त्याऐवजी ग्रामसभेसमोर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा, सर्व गावांना आपली पाळी कधी येणार ते आधीच सांगावे आणि पाळीची वाट पाहणाऱ्या गावांतही त्याच नोंदी त्याच पद्धतीने ठेवाव्यात. त्या काळात कोणा स्त्रीला लक्षणे दिसली, तर तिला पाळीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे, हा नियम सुरुवातीलाच लेखी करून घ्यावा.